लॉग टेबलमधले आकडे कुणी काढले?

बारावीच्या फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या प्रश्नपत्रिकेवर आपल्या बोर्डाची एक सूचना ठरलेली असते. लॉग टेबल वापरायला परवानगी आहे, कॅल्क्युलेटर वापरायला नाही. एरवी दोन आकड्यांची बेरीजही मोबाईलवर करणारी मुलं त्या तीन तासांत चारशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने गुणाकार-भागाकार करतात. आमच्या थळमध्ये एका बाजूला आरसीएफचा खत कारखाना आहे, दुसऱ्या बाजूला कोळीवाडा, समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी. अलिबागला कॉलेजात जाणाऱ्या इथल्या मुलांच्या दप्तरात ती पातळ पुस्तिका हमखास सापडते. २ समोर .३०१०, ३ समोर .४७७१, ७ समोर .८४५१. मुलांना ते पाठ असतात. पण हे आकडे आले कुठून, पहिल्यांदा ते कुणी आणि कसे काढले, हा प्रश्न पुस्तिकेतही नाही आणि वर्गातही कुणी विचारत नाही.

मला तो प्रश्न एका भाषणामुळे पडला. मोहल्ल्यात दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होता. माझ्या भाचीला 'विज्ञानात मुसलमानांचं योगदान' यावर पाच मिनिटं बोलायचं होतं. तिने लिहिलेला कागद मला दाखवला. त्यात एक वाक्य होतं: 'लॉगरिदमचा शोध अल-ख्वारिझ्मी यांनी लावला आणि त्यांच्याच नावावरून हा शब्द आला.' हे वाक्य तिचं नव्हतं. व्हॉट्सॲपवर अशी यादी फिरत असते, कॉफीपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं आपणच शोधलं म्हणणारी. मी म्हटलं, "हे काढून टाक." ती म्हणाली, "मामू, मग लिहू काय? सगळे तर हेच बोलतात."

तिचा प्रश्न रास्त होता. खोटं वाक्य काढलं की त्या जागी खरं वाक्य द्यावं लागतं.

आधी शब्दाचं पाहू. ख्वारिझ्मीच्या नावावरून आला तो 'अल्गोरिदम'. नवव्या शतकात बगदादमध्ये ख्वारिझ्मीने हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर किताब लिहिली. तिचं लॅटिन भाषांतर झालं, त्यात लेखकाचं नाव 'अल्गोरिझ्मी' असं पडलं, आणि पुढे तेच त्या पद्धतीचं नाव झालं. 'लॉगरिदम' हा शब्द जॉन नेपियर या स्कॉटिश जमीनदाराने दोन ग्रीक शब्द जोडून बनवला: लोगोस म्हणजे गुणोत्तर, अरिथ्मोस म्हणजे संख्या. त्याचा ग्रंथ १६१४ साली छापला गेला. दोन शब्दांत अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. एवढ्या सारखेपणावर ती अफवा उभी आहे.

दुसऱ्या बाजूलाही असंच चालतं. जैन आचार्य वीरसेन यांनी नवव्या शतकाच्या सुरुवातीला 'धवला' टीका लिहिली. तिच्यात 'अर्धच्छेद' नावाची कल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद ५. आज आपण ज्याला २ च्या पायाचा लॉग म्हणतो तोच हा, आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही वीरसेनांना ठाऊक होता. ही मोठी गोष्ट आहे. पण म्हणून लॉग टेबल आमच्याकडेच होतं असं कुणी म्हणू लागला, तर तोही आमच्या व्हॉट्सॲपवाल्यांचा भाऊच. ३२ निम्मे करत गेलं की १ वर येतं. ३३ चं काय? ३४ चं काय? लॉगचा सगळा जीव तिथे आहे, दशांशचिन्हाच्या पुढे. .३०१० मधला प्रत्येक आकडा कुणीतरी घाम गाळून काढावा लागतो.

कसा, ते पाहायला अल-बिरुनीपासून सुरुवात करतो. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरांपर्यंत. बिरुनीने सुमारे हजार साली लिहिलेल्या 'आसारुल बाकिया'त ही बेरीज नेमकी दिली आहे: १८,४४६,७४४,०७३,७०९,५५१,६१५ दाणे. त्याने चौसष्ट वेळा दुप्पट केली नाही. वर्ग करत गेला. २ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६, २५६ चा ६५,५३६. सहा वर्गांत माणूस २ च्या ६४ व्या घातावर पोचतो, मग त्यातून एक वजा. गणिती आळशी असतो, आणि आळस नीट वापरला तर त्यातून पद्धत निघते.

आता ती संख्या मोजू नका, तिच्यात अंक किती आहेत तेवढं मोजा. वीस. म्हणजे २ चा ६४ वा घात हा १० चा १९ वा आणि २० वा घात यांच्यामध्ये बसतो. १९ ला ६४ ने भागा: ०.२९६. २० ला भागा: ०.३१२. २ चा लॉग या दोहोंच्या मध्ये आहे. बिरुनीने हा भागाकार केला नाही, त्याला लॉग ठाऊक नव्हता. पण लॉगचा पहिला अंदाज त्याच्या दाण्यांत लपलेला होता, हे खरं.

हीच युक्ती लांबवता येते. २ चा दहावा घात १०२४. चार अंकी, म्हणजे हजारापेक्षा थोडा जास्त. अंकांतून एक कमी करा: ३. लॉगचा पहिला आकडा मिळाला. आता १०२४ मधले हजार बाजूला ठेवा, उरले १.०२४. त्याचा दहावा घात करा: १.२६७६. दहापेक्षा कमी, म्हणून दुसरा आकडा ०. पुन्हा दहावा घात: १०.७१५. दहा एकदा ओलांडले, तिसरा आकडा १. दहाने भागून १.०७१५ घ्या, दहावा घात १.९९५, चौथा आकडा ०. पुन्हा दहावा घात ९९९.००२, म्हणजे शंभर ओलांडले पण हजार नाही, पाचवा आकडा २. सगळे ओळीत लावले की ०.३०१०२. बोर्डाच्या पुस्तिकेतले चार आकडे इथेच हाती आले. भाचीला मी हे कागदावर करून दाखवलं. त्यासाठी मोबाईलचा कॅल्क्युलेटर वापरला, ते तिने बोलून दाखवलंच.

कॅल्क्युलेटर नसताना ज्याने हे केलं त्याचं नाव हेन्री ब्रिग्ज. लंडनच्या ग्रेशम कॉलेजात भूमितीचा प्राध्यापक. नेपियरचा ग्रंथ वाचून तो इतका झपाटला की १६१५ च्या उन्हाळ्यात लंडनहून एडिंबरोला त्याला भेटायला गेला. नेपियरचे मूळ लॉग १० च्या पायाचे नव्हते, हिशेबाला अवघड होते. १ चा लॉग शून्य आणि १० चा लॉग एक धरून नवी कोष्टकं करावीत, असं दोघांचं ठरलं. १६१७ साली नेपियर वारला. सगळं काम ब्रिग्जच्या अंगावर आलं. त्याच वर्षी त्याने १ ते १००० चे लॉग छापले. १६२४ साली 'अरिथ्मेटिका लॉगरिथ्मिका' हा मोठा ग्रंथ आला. त्यात १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० एवढ्या संख्यांचे लॉग आहेत, प्रत्येकी चौदा दशांश स्थळांपर्यंत.

ब्रिग्जची मुख्य रीत होती वर्गमुळाची. १० चा लॉग १. मग १० च्या वर्गमुळाचा, म्हणजे ३.१६२२ चा लॉग त्याच्या निम्मा, ०.५. त्याचं पुन्हा वर्गमूळ १.७७८२, लॉग ०.२५. संख्येचं वर्गमूळ काढत जा आणि लॉग निम्मा करत जा. ब्रिग्जने हे चोपन्न वेळा केलं, तिसाहून जास्त दशांश स्थळं सांभाळत, हाताने. शेवटी संख्या १ च्या इतकी जवळ आली की दशांशचिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग १२७८१९१४९३२... असे आकडे उरले. एवढ्या जवळ आलं की एक सोपी गोष्ट घडते: १ च्या वर जेवढा भाग उरतो, त्याच्या प्रमाणात लॉग असतो. तिथे फक्त त्रैराशिक. २ चा लॉग काढायला त्याने आपलं वरचं १.०२४ च घेतलं, त्याची सत्तेचाळीस वर्गमुळं काढली, त्रैराशिक लावलं आणि पावलं मोजत उलटा परत आला. उत्तर: ०.३०१०२९९९५६६३९८. आजच्या संगणकाने तपासलं तरी चौदाच्या चौदा आकडे बरोबर येतात. अंक मोजण्याची युक्तीही त्याच्या ग्रंथात आहे. त्या हिशेबाने २ चा घात १ वर चौदा शून्यं एवढा केला, तर येणाऱ्या संख्येत ३०,१०२,९९९,५६६,३९९ अंक असतील.

आता भाचीच्या भाषणात काय लिहायचं त्याकडे येतो. ब्रिग्जने चोपन्न वर्गमुळं काढली त्याच्या दोनशे वर्षं आधी समरकंदमध्ये एक माणूस हेच करत बसला होता. जमशीद अल-काशी. (काशी म्हणजे बनारस नव्हे, इराणमधल्या काशान गावचा.) उलुग बेगच्या वेधशाळेतला तो सर्वांत हुशार गणिती. १४२४ साली त्याने वर्तुळाच्या परिघावर 'रिसाला अल-मुहीतिया' लिहिला. वर्तुळात बहुभुज काढायचा आणि बाजू दुप्पट करत जायच्या, ही जुनी ग्रीक रीत. प्रत्येक दुप्पटीला एक वर्गमूळ लागतं. काशी अठ्ठावीस पावलं गेला, ८०,५३,०६,३६८ बाजूंच्या बहुभुजापर्यंत. त्यातून त्याने परीघ आणि त्रिज्येचं गुणोत्तर सोळा दशांश स्थळांपर्यंत काढलं. पृथ्वीहून सहा लाख पट व्यासाचं विश्व घेतलं तरी परिघात घोड्याच्या केसाएवढीही चूक राहू नये, असं त्याने आधीच ठरवलं होतं. किती स्थळं लागतील, प्रत्येक वर्गमुळात किती आकडे सांभाळायचे, हा अंदाज काम सुरू करण्याआधी बांधणं, हे मला त्या सोळा आकड्यांपेक्षाही मोठं वाटतं.

आणि ते सोळा आकडे त्याने दशांशात लिहिले. खगोलशास्त्र्यांचा नेहमीचा हिशेब साठाच्या पटीत चाले, अंश-कला-विकला. काशीने मूळ गणित त्यातच केलं आणि मग उत्तर दशांशातही दिलं, म्हणजे साठाचा हिशेब न येणाऱ्यालाही ते वापरता यावं. १४२७ सालच्या 'मिफ्ताह अल-हिसाब' या किताबीत त्याने दशांश अपूर्णांकांची अख्खी पद्धत मांडली. त्याच्याही पावणेपाचशे वर्षं आधी, ९५२ च्या सुमारास, दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसीने १९ ला पाच वेळा निम्मे करून ०.५९३७५ पर्यंतचे आकडे लिहून दाखवले होते. एककाच्या जागेवर तो एक छोटी खूण करतो. तीच आपल्या दशांशचिन्हाची आजी.

युरोपात ही पद्धत रुजवली सायमन स्टेव्हिनने, १५८५ साली. नेपियरने टिंब वापरलं. काशीचा ग्रंथ तेव्हा लॅटिनमध्ये आलेला नव्हता, त्यामुळे ब्रिग्जने काशीचं पाहून केलं असं म्हणणं म्हणजे पुन्हा एक फॉरवर्ड तयार करणं. मी एवढंच म्हणतो की लॉगचं कोष्टक लिहायला तीन गोष्टी लागतात: हिंदी अंक, अपूर्णांक दशांशात लिहिण्याची रीत, आणि शेवटपर्यंत चूक न होऊ देता लांबलचक वर्गमुळं काढणारा हात. पहिली गोष्ट या देशातून निघाली आणि ख्वारिझ्मीच्या किताबीतून पुढे गेली. दुसरी दमास्कस आणि समरकंदमध्ये युरोपच्या आधी पूर्ण झाली. तिसरीत काशी ब्रिग्जच्या तोडीचा आहे, कदाचित वरचढ. चौथी गोष्ट, गुणाकाराच्या जागी बेरीज करून देणारं कोष्टक बांधावं ही कल्पना, ती नेपियरची आणि स्वित्झर्लंडच्या योस्ट ब्युर्गीची. तिथे आपलं नाव नाही. भाचीने भाषणात काशीचा घोड्याचा केस सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कॉफी-कॅमेऱ्याला पडल्या त्यापेक्षा कमी.

फॉरवर्डवरून आठवलं. ब्रिग्जच्या ग्रंथात मधले सत्तर हजार लॉग राहिले होते. हॉलंडच्या गौडा शहरातल्या आद्रियान व्लाकने ते भरून काढले आणि १६२८ साली दहा स्थळांची पूर्ण कोष्टकं छापली. पुढची दोनशे वर्षं बहुतेकांनी व्लाकवरूनच नक्कल केली. मूळ हिशेब पुन्हा कोण करणार? चार्ल्स बॅबेजने १८२० च्या दशकात स्वतःची कोष्टकं तयार करताना जुनी तपासली, तर वेगवेगळ्या देशांच्या कोष्टकांत त्याच त्या चुका. लंडनच्या रॉयल सोसायटीत एक चिनी लॉग कोष्टक होतं, त्यावर मूळ ग्रंथाचं नाव नव्हतं. बॅबेजने व्लाकच्या सहा चुका त्यात पाहिल्या, सहाच्या सहा सापडल्या. कोष्टक कुठून आलं ते कळलं. बरोबर आकडे सगळ्यांचे सारखेच असतात, नक्कल पकडली जाते ती चुकीवरून. 'लॉगरिदम ख्वारिझ्मीच्या नावावरून' हे वाक्य ज्या ज्या भाषणात येतं, ती भाषणं एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमधून आलेली असतात हे तसंच ओळखता येतं.

आता जरा बोचणारा भाग. नेपियरचा ग्रंथ १६१४ चा. उस्मानी तुर्कस्तानात लॉगरिदम पोचले ते १७७२ साली, इस्माईल चिनारी यांनी कॅसिनीच्या खगोलकोष्टकांचं तुर्की भाषांतर केलं तेव्हा. दीडशेहून जास्त वर्षं! काशीचा ग्रंथ ज्या भाषेत होता ती वाचणाऱ्यांना ब्रिग्जचं एक पान समजायला वेळ लागला नसता. त्यानंतर गेलेनबेवी इस्माईल एफेंदी यांनी लॉगच्या कोष्टकांवर स्वतंत्र रिसाला लिहिला. लॉगला त्यांनी 'अन्साब' म्हटलं. आपल्या 'निस्बत'च्याच धातूतला शब्द, आणि नेपियरच्या लोगोसचा अर्थही गुणोत्तरच. शब्द इतका चपखल बसला, पण तोवर जहाजं आणि तोफा दुसऱ्यांच्या हिशेबाने चालू लागल्या होत्या. एडिंबरोचा एडवर्ड सँग १८४० च्या दशकात इस्तंबूलला शिकवायला आला, हाही त्याच काळाचा भाग. पुढे याच सँगने आपल्या मुली फ्लोरा आणि जेन यांना सोबत घेऊन अठ्ठावीस स्थळांपर्यंतचे लॉग हाताने काढले. व्लाकवर विसंबायचं नाही, पहिल्यापासून स्वतः करायचं, हा त्याचा हट्ट.

मुसलमान मागे का पडले यावर आपल्याकडे दोनच उत्तरं मिळतात: मंगोल आले म्हणून, नाहीतर इंग्रज आले म्हणून. काशी मंगोलांच्या नंतरचा आहे. आणि १६१४ ते १७७२ या काळात तुर्कस्तानात इंग्रजांचं राज्य नव्हतं, दिल्लीत आणि इस्फहानमध्येही नव्हतं. ही दीडशे वर्षं आपल्या खात्यावर आहेत. ती दुसऱ्याच्या नावावर टाकून हिशेब जुळत नाही.

ज्यांनी जुळवला अशी माणसं होती. दिल्लीत मुन्शी झकाउल्लाह यांनी आयुष्यभर गणिताची पुस्तकं उर्दूत आणली. मराठीत हे काम ज्यांनी केलं त्यांतला एक मोठा माणूस आमच्याच तालुक्यातला. केरो लक्ष्मण छत्रे, केरूनाना. अलिबागच्या दक्षिणेला नागाव, तिथला जन्म. थळ उत्तरेला, नागाव दक्षिणेला, मध्ये अलिबाग. तरुणपणीच ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला लागले. पुढे पुण्यात प्राध्यापक झाले, टिळकांना गणित शिकवलं, मराठीत अंकगणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली. १८६० साली त्यांचा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ आला. युरोपातल्या ताज्या कोष्टकांवरून मराठी पंचांगकर्त्याला ग्रहांची स्थानं काढता यावीत म्हणून केलेला. त्यावर वादही झाला, कारण सणवार जुन्या गणिताने करायचे की नव्या, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. चांद दिसण्यावरून दरवर्षी भांडणाऱ्या आपल्या लोकांना हा वाद परका वाटू नये. केरूनानांनी स्वाभिमानासाठी प्राचीन शोधांची यादी केली नाही. परक्याचं कोष्टक घेतलं, समजून घेतलं, आणि आपल्या भाषेत, आपल्या कामाला येईल असं करून दिलं. उक्लिदिसी आणि काशी यांनीही हिंदी अंकांचं हेच केलं होतं.

कुलाबा वेधशाळा पुढे खुद्द आमच्याकडे आली. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलवलं गेलं. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस. मुंबईच्या कुलाब्याहून कुलाबा जिल्ह्यात! त्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. कुलाबा आणि अलिबाग मिळून १८४६ पासूनच्या नोंदी सलग आहेत. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं सगळ्यात मोठं चुंबकीय वादळ कुलाब्याच्या नोंदींत सापडलं, आणि आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्याचा दाखला देतात. पृथ्वीचं आडवं चुंबकीय बल मोजण्याची त्या काळची रीत अशी: एक प्रयोग चुंबकाच्या झोक्याचा, त्यातून बल आणि चुंबकाची शक्ती यांचा गुणाकार मिळतो. दुसरा प्रयोग सुई किती वळते त्याचा, त्यातून भागाकार. दोन्हींतून बल काढायला भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. लॉगने हे म्हणजे एक वजाबाकी आणि निम्मं करणं. वर्गमूळ म्हणजे लॉग निम्मा करणं. ब्रिग्जने चोपन्न वेळा उलट्या बाजूने केलं तेच.

आणि समुद्र. कोकणातल्या मुसलमानांच्या कितीतरी घरांत बोटीवर गेलेला एक तरी माणूस असतो. आमच्या नात्यातले एक चाचा मालवाहू बोटीवर अधिकारी होते. त्यांच्या पेटीत नोरीच्या कोष्टकांचं जाडजूड पुस्तक असायचं, पानं समुद्राच्या हवेने फुगलेली. जीपीएस येण्याआधी तारे, सूर्य, दीपगृह, सगळ्याचा हिशेब त्यातल्या लॉगने व्हायचा. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीचं दीपगृह दाखवत त्यांनी एकदा मला रीत सांगितली होती. ते दीपगृह १८६७ चं. समजा दिव्याची उंची समुद्रसपाटीपासून ५० मीटर आहे आणि सेक्स्टंटने दिवा आणि पाण्याची रेषा यांत ४० कलांचा कोन आला. अंतर म्हणजे उंची भागिले त्या कोनाची स्पर्शज्या. ५० चा लॉग १.६९९०. स्पर्शज्येचा लॉग कोष्टकात ८.०६५८ छापलेला असतो, ऋण आकडा टाळायला त्यात १० मिळवलेले असतात. म्हणून १.६९९० मध्ये १० मिळवायचे, ११.६९९० झाले, त्यातून ८.०६५८ वजा. उरले ३.६३३२. उलट कोष्टकात पाहायचं: ४२९७ मीटर. चाचा ते सागरी मैलांत करायचे, सव्वादोनपेक्षा थोडे जास्त, आणि पेन्सिलीने नकाशावर कमान काढायचे.